माझी कावीळ आणि ताईचे लाल हात

गच्चीवर

ताईच्या लग्नासाठी केलेल्या कुरडया आम्ही गच्चीवर वाळत घालत होतो. दोन कुरडया घातल्या की मी खाली बसत होते. आठवडाभर अंग मोडून आलं होतं, फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं, लघवीचा रंग कडक चहासारखा झाला होता. पण मी कुणाला बोलले नव्हते. लहानपणापासून मी जालन्याच्या एका इंग्रजी शाळेत, वसतिगृहात राहिले. तिथे पोट दुखतंय म्हटलं की मेट्रन एरंडेल पाजायची. त्यामुळे मी एरंडेलाऐवजी दुखणंच गिळायला शिकले.

ताईने माझ्या हातातलं ताट घेतलं आणि ती थबकली.

"प्रज्ञा, उजेडाकडं बघ. आता माझ्याकडं बघ."

माझ्या पिवळ्या ओढणीची झाक डोळ्यांत दिसतेय, असं तिला आधी वाटलं. तिने ओढणी काढून दोरीवर टाकली. पुन्हा पाहिलं. झाक गेली नव्हती.

तिने कुरडया तशाच टाकून माझा हात धरला आणि जिना उतरायला लागली. त्या वेळी मला खरी भीती वाटली, कारण आमची ताई वाळवण उघडं टाकून जाणाऱ्यांतली नव्हे.

डॉक्टरांचं इंग्रजी

परभणीच्या दवाखान्यात मी काही दिवस होते. सलाईन, सकाळचं रक्त, दुपारी पेज, संध्याकाळी भेटायला येणारे लोक आणि त्यांनी आणलेली केळी. माझ्या शेजारच्या खाटेवर पिंगळीची एक मावशी होती. तिला कळलं, की मला इंग्रजी येतं. झालं! डॉक्टर फेरी मारून गेले की ती कोपरावर उठून बसायची.

"काय बोलले गं ते आपसात? माझं नाव घेतलं का?"

"तुमची तब्येत सुधारतेय म्हणाले, मावशी."

"आन् तुझी?"

"माझीपण."

तिचं मी सांगितलं ते खरं होतं. माझं नव्हतं. माझ्या खाटेपाशी उभं राहून मोठ्या डॉक्टरांनी शिकाऊ डॉक्टरला इंग्रजीत सांगितलं होतं, की ही मुलगी गुंगीत दिसली किंवा असंबद्ध बोलायला लागली, तर मला ताबडतोब बोलवा, मग अवघड होईल. माझ्यासमोर असं बोलताना त्यांना वाटलं असेल, की हिला काय कळणार. मला एकूण एक शब्द कळला. तेव्हापासून मला झोपेची भीती बसली. दुपारी डोळे मिटायला लागले, की ही साधी झोप आहे की ती गुंगी, हेच कळायचं नाही. मग मी मनातल्या मनात पाढे म्हणायचे. सतराचा पाढा बरोबर आला की हायसं वाटायचं.

शेवटी हे मी ताईला सांगितलं. ती सरळ उठून मोठ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी येऊन मला समोर बसवलं आणि मराठीत नीट सांगितलं, की तो धोका आता टळला आहे. मग म्हणाले, "या काविळीला औषध असं फारसं नाही. विश्रांती घ्यायची, पाणी उकळून प्यायचं, तेल-तूप काही दिवस बंद, आणि पोटात जे जाईल ते ताजं, घरचं. बाहेरचा उसाचा रस नको. तुझं ताट-पेला वेगळा ठेवायचा, आणि मी सांगेपर्यंत दुसऱ्यांच्या खाण्याला हात लावायचा नाही."

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी सध्या आजारी असेल, तर एवढंच सांगते: तुमच्यासमोर डॉक्टर जे बोलतील ते कळलं नाही तर विचारा, आणि कळलं तर जास्तच विचारा.

नांदेडला गेलेली मुलगी

घरी आले तेव्हा आमच्या आत्या, गयाबाई, गावाहून येऊन कारभार हातात घेऊन बसल्या होत्या. माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. तिथे आत्यांचे दोन कायदे लागू झाले.

पहिला कायदा: पिवळं काही द्यायचं नाही. हळद नाही, तुरीचं वरण नाही, केळं नाही, पपई नाही. पिवळ्याने पिवळं वाढतं. माझी ती ओढणीसुद्धा ट्रंकेत गेली.

बाबा शाळेत मास्तर, विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांत पुढे असणारे. घरात गंडा-दोरा येऊ द्यायचे नाहीत. ते म्हणाले, "अक्का, डॉक्टर म्हणतात हळदीचा आणि काविळीचा काही संबंध नाही."

"डाक्टरच्या मायला झाली होती का कावीळ?" आत्या म्हणाल्या. "तुमी मोर्चे काढा. सैपाकघरात बोलू नका."

याच कायद्याचं एक पोटकलम होतं. रोज सकाळी आत्या एक वाटी माझ्या हातात द्यायच्या. त्या वाटीत माझी लघवी, आणि तिच्यात त्या चिमूटभर तांदूळ टाकणार. तांदूळ पिवळा निघाला की कावीळ आहे, पांढरा निघाला की उतरली. मी, जी वसतिगृहात वाळत टाकलेले कपडेसुद्धा दुसरीच्या कपड्यांआड लपवायची, ती रोज ही वाटी आत्यांच्या हातात देत होते. आणि आत्या तो तांदूळ अंगणात उजेडाला धरून, शेजारीण ऐकेल एवढ्या आवाजात निकाल सांगायच्या.

दुसरा कायदा मात्र गमतीचा नव्हता. ताईचं लग्न झरी गावच्या घरात ठरलं होतं. दाजी शिक्षक, घरची थोडी मळ्याची शेती, माणसं चांगली. आत्यांचं म्हणणं, की झरीकरांना काविळीचं कळता कामा नये. "ह्या घरात बिमारी हाय म्हणतील. ह्यांच्या हातचं पाणी नको म्हणतील. ठरलेलं मोडायला काय लागतंय?" म्हणून झरीकडचं कुणीही विचारलं तर सांगायचं, की धाकटी परीक्षेसाठी नांदेडला मामाकडे गेली आहे. बाबांना ते पटलं नाही, पण ते गप्प बसले. आईपण गप्प बसली. मी तर गप्पच होते.

तर मी नांदेडला होते, आमच्याच मागच्या खोलीत. अनोळखी कुणी आलं की दाराला कडी. खाटेवर पडून मी एकच विचार करायची: माझ्या डोळ्यांतल्या रंगामुळे ताईचं लग्न मोडलं तर?

पहिला पेला

मीठ घातलेली पेज आणि बिनहळदीचं मुगाचं पाणी पिऊन माझ्या जिभेला शेवाळ आल्यासारखं झालं होतं. एका सकाळी ताई बाजारातून गाजरं घेऊन आली. दिवसभर तिच्यामागे लग्नाची कामं असायची, तरी ती माझ्या खाटेजवळ पाट टाकून बसली.

"हॉस्टेलवर तुमी ज्यूस प्यायचे ना? कसा करतेत?"

"तिथे बाटलीतून यायचा, ताई."

"मग आपण बाटलीच्या आधीचं करू."

आमच्याकडे मिक्सर नव्हता. किसणी होती, आणि नवं मलमलचं फडकं होतं, ते तिने उकळून वाळवलं होतं. तिने गाजरं धुतली, सोलली, किसली. कीस फडक्यात घेऊन पुरचुंडी केली आणि पिळायला लागली. आधी काहीच नाही. मग बोटांच्या फटींतून एक केशरी थेंब आला, मग दुसरा, मग अचानक धार लागली. मी उठून बसले. एवढ्या गाजरांचा जेमतेम अर्धा पेला झाला. त्यात लिंबाचे दोन थेंब.

मी प्यायले. कशी होती चव? गाजरासारखी! हे ऐकायला काहीच वाटत नाही, पण कित्येक दिवसांनी एखादी गोष्ट तिच्या स्वतःसारखी लागली होती. मळमळ नाही, वास नाही, नुसता गार गोडवा. मी पेल्याच्या कडेला लागलेला फेससुद्धा बोटाने काढून खाल्ला आणि ताई हसत सुटली.

त्या दिवसापासून आम्हा दोघींना वेड लागलं. माझ्या हाताला बंदी होती, म्हणून डोकं माझं आणि हात तिचे. मी पडल्यापडल्या बेत सांगायची, ती करायची. काकडी आणि कोथिंबीर. टोमॅटो, वर भाजून कुटलेलं जिरं. कोहळा किसून त्यात पुदिना; हा रस इतका निर्मळ लागतो, की पाण्याला कुणीतरी इस्त्री केल्यासारखं वाटतं. ऊस आणला, तर तो पिळणार कसा? ताईने त्याची सालं काढून कांड्या केल्या, लोखंडी खलबत्त्यात ठेचल्या आणि फडक्यात घालून पिळल्या. खलबत्त्याचा आवाज ऐकून शेजारीण विचारायला आली, की लग्नाचा मसाला इतक्या लवकर का कुटताय.

सगळेच बेत जमले असं नाही. मुळ्याच्या पाल्याचा रस काढला, त्याने खोलीला असा वास सुटला की आत्या उंबऱ्यावरूनच परत फिरल्या. त्या रसाला आम्ही 'मेट्रन' नाव ठेवलं.

आणि बीट. बिटाला हात घातला की ताईचे हात मनगटापर्यंत लाल व्हायचे. धुतले तरी नखांच्या कडेला राहायचेच.

"नवरीचे हात हायेत का खाटकाचे?" आत्या ओरडायच्या. "हळद लावायच्या दिवसांत काय थेरं करायलीस?"

"आत्या, हा रंग तर पिवळा नाही ना? मग झालं," ताई म्हणायची.

चोथा

पिळलेला चोथा टाकून द्यायचा म्हटलं की आईच्या जिवावर यायचं. पहिल्या दिवशी तिने तो गायीला घातला, दुसऱ्या दिवशी तिचा हात थांबला. तिने त्यात ज्वारीचं पीठ मिसळलं, जिरं, लसूण, कोथिंबीर, मीठ. ओल्या फडक्यावर धपाटा थापला, कोरड्या तव्यावर टाकला, कडेने पाण्याचा हबका मारला आणि वर झाकण ठेवलं. तेलाचा थेंब नाही. वाफेवर शिजून खालून खरपूस झालेला तो धपाटा मी फुंकर घालत खाल्ला. कुरकुर वाजला! आजारी माणसाच्या ताटात वाजणारी गोष्ट येणं केवढी मोठी आहे, हे त्यातून गेलेल्यालाच कळेल.

आत्यांनी मात्र धपाटा उचलून निरखला.

"हे पिवळं दिसायलंय."

"गाजर आहे, वन्सं," आई म्हणाली.

"दिसायलंय तर पिवळंच ना!"

बराच खल झाला. शेवटी आत्यांनीच निवाडा दिला, की केशरी हा पिवळ्यात धरायचा नाही. मग चवीपुरता तुकडा तोंडात टाकला. मग अजून एक, चव नीट कळली नाही म्हणून.

त्यानंतर आईलाही सूर सापडला. तांदूळजा वाफवून त्यात भाजलेल्या कारळाची चिमूट, दुधीच्या चोथ्याची मुटकी, चुक्याचं आंबट पाणी. मला कारळ खूप आवडायचं, आणि तेवढ्या चिमटीला डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. 'अशक्तपणा आलाय, मटणाचं सूप पाजा' म्हणणारे नातेवाईक येतच होते, पण आता आई त्यांना सांगायची, "सध्या ती पाल्यावरच हाय. आन् बघा, उठून बसायलीय."

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. रसांनी माझी कावीळ बरी झाली असं मी म्हणत नाही. ती तिच्या गतीने, विश्रांतीने उतरली. पण रोज सकाळी उठायला कारण लागतं. आज कुठला रंग पेल्यात येणार, हे ते कारण होतं.

लाल हात

झरीच्या सरूबाई, म्हणजे ताईच्या होणाऱ्या सासूबाई, एका दुपारी न सांगता आल्या. बाजाराला आल्या होत्या, ब्लाऊजचं माप घ्यायला म्हणून घरी वळल्या. ताई तेव्हा माझ्या खोलीत बीट पिळत होती. आत्यांनी तिला बाहेर ओढलं, दाराला कडी घातली. मी फटीशी कान लावला.

"धाकटी न्हाई दिसायली?" सरूबाईंचा आवाज जाड, पण मऊ होता.

"नांदेडला हाय, मामाकडं," आत्या म्हणाल्या. "परीक्षा हाय तिची."

"अस्सं." मग ताईला, "आन् सुजाता, तुझे हात असे कशानं? मेंदी लावायची घाई झाली का?"

मी मनात म्हणत होते: मेंदी म्हण ताई, मेंदी म्हण.

"बीट आहे," ताईचा आवाज आला. "प्रज्ञा नांदेडला नाहीये. आत आहे. तिला कावीळ झालीय. मी तिच्यासाठी रस काढत होते."

मग पातळाची सळसळ ऐकू आली.

"येतो आमी," सरूबाई म्हणाल्या. माप न घेता गेल्या. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

आत्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "संपलं! आता लग्नाच्या कुरडया आपणच खायच्या!" आई रडायला लागली. कडी निघाली आणि ताई आत आली, पाटावर बसली आणि पुरचुंडी उचलून पुन्हा पिळायला लागली.

"का सांगितलंस?" मी विचारलं.

"तिथं जन्म काढायचा मला," ती म्हणाली. "पहिलंच वाक्य खोटं बोलून गेले, तर रोज तेच सांभाळत बसावं लागलं असतं. पी."

मी प्यायले. त्या दिवशी त्या रसाला काही चव नव्हती.

बंद

बाबा म्हणाले, रविवारी झरीला जाऊन हात जोडून येतो. पण नामांतराचं वातावरण पुन्हा तापलं होतं, बंद पुकारला गेला आणि एसटी थांबली. बाजारही उघडेना. झरीहून निरोप नाही, इकडून माणूस जाऊ शकत नाही. घरात जो तो दुसऱ्याची नजर चुकवत होता. आत्यांनी तर तांदळाची वाटी मागायचीसुद्धा सोडली, आणि मला त्याचंच वाईट वाटलं.

ताई मात्र थांबली नाही. भाजी येत नव्हती, तर परसातल्या शेवग्याचा पाला तिने काढला, अंगणातली घोळ खुडली. घोळीचा आंबूस रस आणि आवळ्याचं उरलेलं पाणी एकत्र केलं, तर काय बहार आली! आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो आणि लगेच गप्प झालो, कारण घरात सुतक असल्यासारखं होतं.

बंदमध्येच एका सकाळी दारात बैलगाडी येऊन उभी राहिली. गाडीत दोन मोठे कोहळे, उसाची मोळी, बीटं, गाजरं, कोथिंबिरीच्या जुड्या. आणि त्या ढिगावर बसून आलेल्या सरूबाई.

त्या उतरल्या आणि कुणाशी न बोलता तडक आत आल्या.

"कुठंय ती नांदेडची?"

मी खाटेवरून उठायला लागले, तर माझ्या खांद्याला धरून त्यांनी खाली बसवलं. हनुवटी वर करून माझे डोळे पाहिले. आत्या दाराशी घुटमळत होत्या.

"गयाबाई, त्या दिवशी मी रागानं गेले," सरूबाई म्हणाल्या. "काविळीचा राग न्हाई बरं का. कावीळ कुणाला बी होते. माझ्या पोराच्या बापाला झाली होती, तवा लोकांनी आमच्या हिरीचं पाणी सोडलं. तुमी बी मला त्या लोकांतच धरलं, त्याचा राग आला."

आत्या कधी नव्हे ते खाली बघत होत्या.

"घरी जाऊन पोराला सांगितलं. तो म्हणला, जी बहिणीसाठी आपलं लगीन डावावर लावते, ती आपल्या घराला बी तशीच धरून राहील. मग म्हणलं, बंद हाय तर एसटीला, बैलाला थोडाच हाय." मग ताईकडे वळून, "काय करायलीस ते दाव. मला बी पाज."

ताईने बिटाचा रस काढला. वेगळ्या पेल्यात. सरूबाईंनी एका दमात पिऊन टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्ये तू रोज पितीस?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. "मग तू बरी होणारच बाई. बिमारीला बी राहवणार न्हाई इथं."

हळद

रक्ताचा शेवटचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरांनी बंदी उठवली, तेल जपून सुरू करा म्हणाले, आणि वर हसून हळदीचं काय ते तुमच्या आत्यांना विचारा म्हणाले.

लग्न वैशाखात झालं. आमच्यात मुहूर्त नाही, होम नाही, बुद्धवंदना झाली की लग्न झालं. पण हळद बायकांनी सोडलेली नव्हती. नवऱ्याला लावून उरलेली हळद घेऊन झरीच्या बायका आल्या. ताई पाटावर बसली होती. मी तिच्यापासून लांब, भिंतीला टेकून उभी होते, कारण आत्यांनी सकाळीच बजावलं होतं: रिपोर्ट कागदावर असतो, हळद अंगावर. एवढ्या बायकांत मला काही बोलायचं नव्हतं. नेहमीसारखंच.

सरूबाईंनी ताईला हळद लावली. मग वाटी घेऊन त्या उठल्या आणि माझ्यासमोर आल्या.

"अगं, अगं, तिला न्हाई!" आत्या मागून ओरडल्या. "दुखणं परत पलटल!"

सगळ्या बायका थांबल्या. गाणंही थांबलं. सरूबाईंची दोन बोटं हळदीत बुडलेली होती. त्यांनी आत्यांकडे पाहिलं नाही.

"मी तुझ्या आत्याचं बी ऐकणार न्हाई, डाक्टरचं बी न्हाई," त्या म्हणाल्या. "तू सांग. लावू का?"

ताई पाटावरून वळून बघत होती. ती काही बोलणार, असं मला वाटलं. ती बोलली नाही.

"लावा," मी म्हणाले. आवाज अगदी मागच्या बायकांपर्यंत गेला. मलाच आश्चर्य वाटलं. म्हणून मी आणखी एकदा बोलले.

"दोन्ही गालांना. भरपूर लावा."